शिरेतून जेवणारं लेकरू

नवजात अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेली आजी बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारते, "लेकराला दूध देईनात, मग ते जगायलंय कशावर?" प्रश्न रास्त आहे. पोटाचं ऑपरेशन झालेलं, तोंडातून काही नाही, आणि तरी महिना उलटतो, वजनही दहा-वीस ग्रॅमनं वर सरकत राहतं. ते बाळ शिरेतून दिलेल्या अन्नावर जगत असतं. वॉर्डात सगळे त्याला टीपीएन म्हणतात, आणि नातेवाईक सलाईन म्हणतात. पण ही नुसती सलाईन नाही. पिवळसर पिशवीत ग्लुकोज, प्रथिनांचे सुटे घटक, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस, जीवनसत्त्वं आणि झिंकसारखी सूक्ष्म द्रव्यं असतात. शेजारच्या सिरिंजमध्ये पांढरं दिसतं ते दूध नव्हे, तर तेलाचे अतिबारीक थेंब पाण्यात मिसळलेलं द्रावण. आपलं जेवण पचून शेवटी रक्तात जे उतरतं, तेच इथे थेट रक्तात सोडतात. पिशवी आणि नळी कापडानं किंवा रंगीत कागदानं झाकलेली दिसते, कारण उजेडानं त्यात अपायकारक पेरॉक्साइडं तयार होतात.

कमी दिवसांच्या बहुतेक बाळांना हे अन्न आठ-दहा दिवस लागतं आणि मग आईचं दूध सुरू होतं. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. आतडं एवढं कमी उरलंय किंवा एवढं निकामी झालंय की दोन-दोन, चार-चार महिने शिरेवरच जगावं लागतं, अशा लेकरांबद्दल आहे. साठ दिवसांहून जास्त हे अन्न लागलं की डॉक्टर त्याला आतड्याचं अपयश म्हणतात.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण अडीच मीटर लांब असतं. सहाव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं जवळपास त्याच्या निम्मं, कारण गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत ही लांबी दुपटीच्या आसपास वाढते. त्या आधीच तोकड्या आतड्याचा भाग एनईसी नावाच्या, म्हणजे आतड्याला तीव्र सूज येण्याच्या आजारात सडला, तर सर्जनला तो काढावा लागतो. काही बाळं आतडी पोटाबाहेर घेऊनच जन्मतात, काहींचं आतडं मध्येच तुटलेलं किंवा बंद असतं. काहींच्या आतड्यात हालचाल घडवणाऱ्या चेतापेशीच नसतात. आणि काहींच्या आतड्याला पीळ पडतो. इथे थांबून एक सांगते: नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर घुटी पाजत सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि लहान मुलांचं ऑपरेशन होईल अशा दवाखान्यात न्या. पीळ पडलेलं आतडं काही तासांत मरतं, आणि त्या तासांवर पुढची सगळी वर्षं अवलंबून असतात.

१९६० च्या दशकापर्यंत अशा बाळांसाठी काही करता येत नसे. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनच्या तेलापासून शिरेतून देता येईल असं द्रावण बनवलं. अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांनी कुत्र्याची पिल्लं केवळ शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली. त्यानंतर फिलाडेल्फियात जवळजवळ आतडंच नसलेल्या एका मुलीला त्यांनी आणि डग्लस विल्मोर यांनी तसंच वाढवलं आणि १९६८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. उपासमारीनं मरणारी बाळं तेव्हापासून जगू लागली. मात्र निसर्गानं अन्नासाठी आतड्याची वाट ठेवली आहे, आणि ती चुकवून थेट रक्तात शिरल्यावर ज्या अडचणी येतात त्या वेगळ्याच.

त्यातली सर्वात भीतीदायक म्हणजे जंतुसंसर्ग. हे द्रावण इतकं दाट असतं की हाताच्या बारीक शिरेतून दिलं तर शीर सुजते आणि द्रावण बाहेर झिरपलं तर कातडी भाजल्यासारखी सोलते. म्हणून केसासारखी बारीक नळी हातापायाच्या शिरेतून आत सरकवत तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ठेवतात. एक्स-रे काढून टोक बरोबर जागी आहे ना हे पाहतात, कारण ते हृदयात फार आत गेलं तर हृदयाभोवती पाणी साचून जीव जाऊ शकतो. हीच सेंट्रल लाईन. महिनोन्‌महिने शरीरात बसलेली परकी वस्तू, तिच्यातून वाहणारं साखर-तेल, आणि दिवसातून अनेकदा उघडणारा जोड. जंतूंना एवढं पुरेसं असतं. त्यात आतडंच दुखावलेलं असेल तर आतले जंतू त्याच्या भिंतीतून रक्तात शिरतात ते वेगळंच. पाश्चात्त्य देशांत अशा लाईनवर बहुधा कातडीवरचे स्टॅफिलोकोकस सापडतात. आपल्याकडचं चित्र जास्त कठीण आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जंतुसंसर्गात सर्वात पुढे अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि त्याखालोखाल क्लेबसिएला होता, आणि हे जंतू अनेक औषधांना दाद देत नव्हते.

संसर्ग झालेलं नवजात बाळ तापानं फणफणेलच असं नाही. ते गार पडतं, मलूल होतं, श्वास घ्यायचं विसरतं. काल नीट असलेली साखर आज एकदम वर जाते, प्लेटलेट घसरतात. मग कल्चर म्हणजे रक्तातले जंतू शोधायची तपासणी, अँटिबायोटिक, आणि बऱ्याचदा लाईन काढून नवी घालणं. नवी घालायला शीर मिळेलच याचा भरवसा नसतो, त्याबद्दल पुढे येईन.

हे टाळायचा सर्वात मोठा उपाय साधा आहे, म्हणून त्याचं मोल लोकांना पटत नाही. हात धुणं. सिस्टर दारात अडवून पुन्हा हात धुवायला लावतात तेव्हा काही नातेवाईकांना राग येतो. रागावू नका. अंगठी, बांगड्या, मनगटातला गंडा बाहेर काढून ठेवा. लेकराच्या दंडाला ताईत किंवा काळा दोरा बांधायचा आग्रह असेल तर तो पाळण्याजवळच्या भिंतीवरही चालत नाही, घरी देवाजवळ ठेवा. आणि आतल्या माणसांकडूनही अपेक्षा ठेवा: लाईनचा जोड उघडण्याआधी तो स्पिरिटनं घासून सुकू दिला का, चिकटपट्टी कोरडी आणि स्वच्छ आहे का, या लाईनमधून रक्त काढणं किंवा इतर औषधं देणं टाळतात का. आईनं हे विचारलं म्हणून चांगली सिस्टर रागावत नाही.

दुसरी मोठी गुंतागुंत लिव्हरची, आणि तिच्याबद्दल आपल्या भागात मला सर्वात जास्त बोलावंसं वाटतं. काही आठवड्यांनी बाळ पिवळं दिसू लागतं. जन्मानंतरची नेहमीची कावीळ निळ्या लाईटखाली उतरते, ती ही नव्हे. या काविळीत लिव्हरमधलं पित्त बाहेर वाहत नाही. रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, १०० मिलिलिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर जातं, लघवी गडद पिवळी होऊन लंगोटाला डाग पडतात, आणि शी फिकट, मातकट किंवा पांढरी होते. इथे निळ्या लाईटचा उपयोग नाही. काविळीची माळ, नाकात टाकायची औषधं, झाडपाल्याचा रस यांचाही नाही. आधीच थकलेल्या लिव्हरवर आणि अर्ध्या आतड्यावर झाडपाल्याचा रस म्हणजे थेट अपाय. डिस्चार्ज मिळाल्यावर हे करणारी घरं आहेत, आणि ती करतात ते मायेपोटी. म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पित्त का अडतं? तोंडातून अन्न गेलं की आतड्यातून संप्रेरकं सुटतात आणि पित्ताशय आकुंचन पावतं. अन्नच नाही, तर पित्त तुंबून घट्ट होतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग पित्तातले क्षार परत लिव्हरकडे पाठवतो. तो कापला गेला असेल तर तेही चक्र तुटतं. प्रत्येक जंतुसंसर्ग लिव्हरला नवा घाव घालतो, आणि गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज दिलं तर लिव्हरमध्ये चरबी साचते.

आणि मग ते पांढरं तेल. लातूरच्या अडतीत ज्या सोयाबीनचे भाव रोज पाहिले जातात, त्याच सोयाबीनचं तेल अनेक वर्षं या द्रावणात एकटं वापरलं गेलं. सोयाबीन खाण्यात काही दोष नाही. वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉलसारखे फायटोस्टेरॉल नावाचे पदार्थ असतात. खाल्ल्यावर आतडं त्यांना जवळपास अडवूनच धरतं, फारच थोडे रक्तात येतात. शिरेतून दिलं की अडवणारं कोणी नाही, सगळेच्या सगळे आत जातात आणि लिव्हरमधून पित्त वाहण्यात अडथळा आणतात. शिवाय या तेलात दाह वाढवू शकणारी ओमेगा-६ आम्लं भरपूर आणि ई जीवनसत्त्वाचा उपयोगी प्रकार कमी. आतडं फक्त अन्न आत घेत नाही, काय आत येऊ द्यायचं नाही हेही ठरवतं. ही पहारेदारी टीपीएनमध्ये नसते.

बोस्टनच्या लहान मुलांच्या रुग्णालयात २००६ च्या सुमारास केवळ माशाच्या तेलाचं द्रावण दिल्यावर पिवळी पडलेली बाळं सुधारल्याचं नोंदवलं गेलं, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा बाळांसाठी त्याला मान्यता दिली. आता सोया ३०, मध्यम लांबीच्या साखळीचं तेल ३०, ऑलिव्ह २५ आणि माशाचं तेल १५ टक्के असं मिश्र द्रावणही वापरतात. सोयाचंच द्रावण हाताशी असेल तर दर किलो वजनाला दिवसाला ३ ग्रॅमऐवजी १ ग्रॅमच्या आसपास देऊन लिव्हरवरचा भार हलका करता येतो. पूर्ण बंद मात्र करता येत नाही, कारण मेंदूला आणि कातडीला लागणारी काही स्निग्धाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही.

आपल्याकडे कितीतरी घरं माळकरी आहेत. माशाच्या तेलाचं नाव निघालं की आजोबा गप्प होतात. त्यांना आडवळणानं नको, स्पष्ट सांगावं: हे औषध आहे, आणि सोयाच्या द्रावणातही तेलाचे थेंब धरून ठेवायला अंड्यातल्या बलकाचा घटक असतो. खरं कळल्यावर निर्णय त्यांनी घ्यावा.

पित्त अडलं की पित्तावाटे बाहेर पडणारी तांबं आणि मँगनीज ही द्रव्यंही शरीरात साचतात, मँगनीज तर मेंदूत. म्हणून कावीळ वाढली की पिशवीतल्या सूक्ष्म द्रव्यांचं प्रमाण बदलावं लागतं.

आता शिरांचं. प्रत्येक लाईनभोवती रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती शीर कायमची बंद होऊ शकते. मोठी लाईन घालायच्या मुख्य जागा मोजक्या आहेत: मानेत दोन, गळपट्टीच्या हाडाखाली दोन, जांघेत दोन. त्या संपत चालल्या की अन्न द्यायला जागाच उरत नाही. आतड्याच्या प्रत्यारोपणाचा विचार ज्या कारणांनी सुरू होतो त्यात हे एक मोठं कारण आहे. एवढंसं रक्त काढतानाही पुढच्या वर्षाचा विचार करणारा डॉक्टर मिळाला तर समजा लेकरू चांगल्या हातात आहे.

हाडंही ठिसूळ होतात. कॅल्शियम आणि फॉस्फरस एकाच पिशवीत पुरेसं घालायला गेलं की दोन्ही मिळून पांढरा साका तयार होतो, आणि तो शिरेत जाणं जीवघेणं असतं. म्हणून दोन्ही हात राखून घालतात आणि हाडांना कमी पडतं. सोडियम ग्लिसरोफॉस्फेट वापरलं तर ही अडचण बरीच सुटते. काचेच्या कुपीतल्या कॅल्शियम ग्लुकोनेटमधून अ‍ॅल्युमिनियमही शरीरात जातं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जास्त अ‍ॅल्युमिनियम मिळालेल्या कमी दिवसांच्या बाळांची मानसिक वाढ मागे पडल्याचं दिसलं होतं. अशा बाळाला उचलताना बरगडीवर जोर देऊ नये.

पोटावर स्टोमा असेल, म्हणजे आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं असेल, तर त्यातून पाण्याबरोबर मीठ आणि झिंक वाहून जातं. उष्मांक पुरेसे असूनही वजन हलत नाही, तेव्हा बऱ्याचदा सोडियम कमी पडलेलं असतं, आणि ते लघवीतलं सोडियम तपासून कळतं. तोंडाभोवती आणि ढुंगणावर लालसर चट्टे आले तर झिंक आठवावं. म्हणूनच स्टोमाच्या पिशवीत किती जमा झालं हे सिस्टर मिलिलिटरमध्ये मोजतात. टीपीएनची पिशवी अचानक बंद पडली तर रक्तातली साखर झपाट्यानं घसरते. अंबाजोगाईहून किंवा हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरला बाळ हलवताना हा मुद्दा जिवाचा असतो: पंप बॅटरीवर चालतो का, वाटेत ग्लुकोज सुरू राहील का, हे गाडी हलायच्या आधी विचारून घ्या.

या सगळ्या अडचणींचा निचरा शेवटी एकाच जागी होतो: उरलेलं आतडं पुन्हा कामाला लावणं. आणि ते लागतं. कापल्यानंतर उरलेलं आतडं एक-दोन दिवसांतच बदलू लागतं. ते रुंद होतं, आतल्या बोटांसारख्या घड्या उंच होतात, बाळ वाढतं तशी लांबीही वाढते. हे काम दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त चालतं. पण आतड्यात अन्न उतरलं तरच ते नीट होतं. उपाशी ठेवलेलं आतडं सुकतं. म्हणून सर्जननं परवानगी दिली की किलोमागे दिवसाला १० ते २० मिलिलिटर एवढ्या थेंबांनी दूध सुरू करतात. दीड किलोच्या बाळाला दर दोन तासांनी सव्वा ते अडीच मिलिलिटर. नातेवाईकांना हे थट्टेसारखं वाटतं, "एवढ्यानं काय होणार?" पोट भरण्यासाठी ते नाहीच. त्यानं पित्ताशय हलतं, आतड्याची भिंत मजबूत होते, टीपीएनचे दिवस कमी होतात. जंतुसंसर्ग, कावीळ, शिरा, हाडं, सगळ्यांचा धोका त्या थेंबांबरोबर खाली येतो. काही ठिकाणी वरच्या स्टोमातून निघालेलं द्रव गोळा करून खालच्या तोंडातून पुन्हा आतड्यात घालतात. पाहायला विचित्र वाटतं, पण त्यानं खालचं आतडं जागं राहतं.

आणि यासाठी सर्वात चांगलं आईचंच दूध. आपल्या भागात इथेच सगळं अडतं. सिझर झालेली आई बीडमध्ये, बाळ संभाजीनगरात. किंवा ती परभणीच्या वॉर्डात आणि बाप एकटा बाळाबरोबर धावलेला. "बाळ पीतच नाही, मग दूध काढून काय करू?" म्हणून ती काढत नाही, आणि आठ-दहा दिवसांत दूध आटतं. ज्या दिवशी डॉक्टर एक मिलिलिटर मागतात त्या दिवशी ते नसतं. मला वाटतं या आजारात आपण करतो ती सर्वात मोठी हेळसांड ही आहे, आणि दोष आईचा नाही, तिला पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही. आईनं पहिल्या दिवसापासून दिवसातून आठ वेळा, रात्रीही एकदा, हातानं किंवा पंपानं दूध काढावं. चीक वाया घालवू नये, त्याचे थेंब बाळाच्या गालाच्या आत लावता येतात. स्वच्छ डब्यात, तारीख-वेळ लिहून ठेवावं. बाहेर चार तासांहून जास्त नको, आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर फ्रिजमध्ये जायला हवं, आणि फ्रिजमध्ये २४ तास. प्रवासात बर्फाच्या थंड डब्यातूनच न्यावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं मन जाणून बोलायला हवं. उचल घेतलेली असते, दिवाळीनंतर टोळी निघते, आणि तेव्हा तीन महिने आईला दवाखान्यात बसवणं म्हणजे कोयत्याचा हिशोब मोडणं. अशा वेळी समाजसेवा अधीक्षकांकडे जा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे औषधोपचार आणि वाहतूक जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. खासगीत असाल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा, बिल आल्यावर नाही.

बाळाचं तोंडही विसरू नये. महिनोन्‌महिने तोंडात फक्त नळ्या आणि सक्शन गेलं तर ते पुढे चमच्यालाही घाबरतं. आतडं बरं झालं तरी खायचं शिकवायला वर्ष जातं. म्हणून नळीनं दूध देताना रिकाम्या स्तनाला किंवा स्वच्छ बोटाला चोखू द्यावं, छातीशी धरावं. लाईन असली तरी हे होतं.

काही लेकरांचं आतडं एवढ्यानं पुरत नाही. फुगलेलं आतडं कापून लांब करायच्या दोन शस्त्रक्रिया आहेत, एक १९८० ची, दुसरी २००३ ची. आतडं वाढवणारं टेड्यूग्लुटाइड नावाचं इंजेक्शन अमेरिकेत २०१९ पासून वर्षावरच्या मुलांना देता येतं, पण त्याचा खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. परदेशात अशी मुलं लाईन घेऊन घरी जातात आणि आईबाप रात्री घरीच पिशवी लावतात. आपल्या खेड्यांत ते जवळजवळ शक्य होत नाही. म्हणूनच दवाखान्यातच आतडं जागं करण्याचा आपला आटापिटा जास्त असायला हवा.

लाईन निघून बाळ घरी आलं की नियम वेगळे. लहान आतड्याचं शेवटचं टोक काढलं असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं आयुष्यभर लागू शकतात, कारण ते तिथेच शोषलं जातं. शीचा रंग रोज पाहा. गोड सरबतं आणि ग्लुकोज पावडर देऊ नका, तोकड्या आतड्यात साखरेनं जुलाब वाढतात. आणि एप्रिल-मे मध्ये अशा लेकराला जुलाब लागले तर ते इतर मुलांपेक्षा कितीतरी लवकर कोरडं पडतं, म्हणून ओआरएस पाजत पाजतच घराबाहेर पडा. उद्या बघू असं म्हणू नका. सोबत ऑपरेशनचा कागद घ्या, किती आतडं उरलंय ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरला सर्वात आधी तेच कळायला हवं.